दरडोईतली डोई

मी तो फळा पुसला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कुणीतरी पसरवायचं, की बाईंनी शेवटी माघार घेतली म्हणून.

चौतीस वर्षं मी इस्लामपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. त्यात 'दरडोई उत्पन्न' नावाचं एक प्रकरण असतं. देशात वर्षभरात जे काही पिकलं, बनलं, विकलं, त्याची बेरीज करायची आणि देशात जेवढी डोकी आहेत त्यांनी भागायचं. एवढंच. पण हे सुरू केलं की मुलं माना टाकायची. गळीत हंगामात तर निम्मा वर्ग पहाटे उसाला पाणी पाजून आलेला असायचा, त्यांना काय बोलणार? म्हणून पहिल्याच वर्षी मी एक युक्ती काढली. फळ्यावर दोन रेघा ओढायच्या. पांढरी आपली, पिवळी शेजारच्या बांगलादेशाची. मागचे आकडे धरून रेघा आणायच्या आणि दर वर्षी एकेक बोट पुढं सरकवायच्या. कोण पुढं, कोण मागं म्हटल्यावर झोपलेला मुलगासुद्धा डोकं वर काढून बघतो.

हाच शेजारी का, तर त्याचा जन्म मला आठवतो. मी तेव्हा वाईत प्राथमिक शाळेत होते. तिकडून निर्वासितांचे लोंढे येताहेत म्हणून आपल्याकडं पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, आणि वडील ते चिकटवताना दर वेळी पुटपुटायचे. शाळेत बाईंनी जुने कपडे आणायला सांगितले. मी माझा काखेत उसवलेला फ्रॉक घेऊन निघाले, तर आईनं तो हातातून ओढून घेतला, शिवला आणि मग दिला. उसवलेलं कुणाला देऊ नये म्हणाली. कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी बसणारी मोठी माणसं मात्र ठामपणे सांगायची, की हा नवा देश काही उभा राहत नाही, आपल्याच गळ्यात पडणार. माझा फ्रॉक तिकडं कुणाला मिळाला असेल, हा विचार मी बरेच दिवस केला होता.

तर रेघा. पहिली कितीतरी वर्षं पिवळी रेघ पांढरीच्या खालून चालायची. मुलं हसायची. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. आपण फार पुढं नसलो तरी कुणाच्या तरी पुढं आहोत, याचं एक समाधान असतं, आणि ते काही फार चांगलं समाधान नसतं. मग पिवळी रेघ हळूहळू वर यायला लागली. मी मुलांना कारणं विचारायचे आणि मग सांगायचे. कारणं पुष्कळ होती, पण त्यातलं एक मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे: तिथल्या बायका शिवणयंत्रावर बसल्या. लाखो बायका घराबाहेर पडून कपडे शिवायला लागल्या आणि त्यांच्या हातचं काम देशाच्या बेरजेत आलं.

टाळेबंदी उठून वर्ग पुन्हा भरायला लागले त्या वर्षी मी रेघा काढल्या, तर दोन्ही एकमेकींना चिकटल्या. एका मोजणीनं तर पिवळी केसभर वर. दुसऱ्या मोजणीनं, म्हणजे कुठल्या देशात पैशाला किती माल येतो ते धरून मोजलं, तर आपण पुढंच होतो, आणि तेही मी शेजारी लिहिलं. पण फोटो कशाचा निघाला? पहिल्याचा. तो पालकांच्या ग्रुपवर फिरला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"मॅडम, ती पिवळी रेघ जरा खाली काढता येईल का?" त्यांनी विचारलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, "सर, मी इतकी वर्षं ती रेघ खाली काढत होते, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. आता वर आली तर पुसू म्हणता? मग आधीच्या सगळ्या वर्षांचे तासही रद्द करा आणि माझा पगार परत मागा."

पगाराचं काढल्यावर ते समोरच्या फायली चाळायला लागले. मी वर्गात जाऊन रेघा आणखी ठळक केल्या. पुढच्या तासाच्या सरांनी पुसल्या असतील तर ते त्यांचं त्यांनी बघावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी निवृत्त झाले आणि आम्ही सासरच्या गावी राहायला आलो. विट्यापासून एसटीनं अर्ध्या तासावरचं गाव. माझा नवरा एसटीतच मेकॅनिक होता, त्याला गावी येऊन बांधावर हिंडायची हौस होती. गावातले निम्मे पुरुष गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. भारतात असं मोठं शहर नसेल जिथं आमच्याकडच्या माणसाचं गलाईचं दुकान नाही. गावात त्यांचे दुमजली बंगले आहेत, पुढं संगमरवरी पायऱ्या, आणि आत एक बाई, दोन म्हातारी माणसं आणि एक मोठा टीव्ही. पुरुष वर्षातून एकदा यात्रेला येतात.

माझा धाकटा दीर असाच सिलिगुडीला. बांगलादेशाची हद्द तिथून जवळच. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, इथं. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. ती मला आक्का म्हणते. तिला शिवणकाम येतं, आणि नुसतं येतं नाही, लय सुरेख येतं. मुलाणी आळीत एक चाची आहेत, त्यांच्याकडं ती लग्नानंतर शिकली. वीस वर्षं सोप्यात मशीन टाकून गावाचे झंपर शिवतेय.

रेघा काढायची माझी खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून आलेखाचा कागद चिकटवला होता. एकदा साखर काढायला जाऊनं कपाट उघडलं आणि ती तिथंच थांबली.

"आक्का, ह्या रेघा कसल्या वो?"

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं.

"त्या बायका शिवत्यात तरी काय?"

"शर्ट, पँटी, बनियन. जगभरात जातं."

ती पलीकडं गेली आणि दिरानं मागच्या खेपेला सिलिगुडीहून आणलेला एक शर्ट घेऊन आली. कॉलर उलटी केली. आत पट्टीवर त्या देशाचं नाव. मग तिनं तो शर्ट माझ्या ओट्यावर आडवा घातला आणि अर्धा तास नुसती बघत बसली. शिवण ओढून बघितली, बाहीची घडी उलगडली, काजात बोट घालून बघितलं.

"शिलाई चोख हाय," ती म्हणाली. "पर काज माज्यासारखं न्हाई."

मला वाईचा तो फ्रॉक आठवला. इकडून गेलेला एक कपडा, तिकडून आलेला एक कपडा, आणि मधे माझं आख्खं आयुष्य. मला भरून आलं, पण तिला ते कळू दिलं नाही, कारण ती पुढं बोलत होती.

विट्यात शाळांचे गणवेश पुरवणारा एक व्यापारी होता. त्यानं तिचं काम बघितलं होतं. कापड कापून देतो, आठ मशिनं देतो, शिवणाऱ्या बायका तू आण आणि जागा तू दाखव, असं त्यानं सांगितलं होतं. जागा मोठी हवी, थ्री-फेज लाइट हवी, आणि यात्रा व्हायच्या आत सांगायला हवं, नाहीतर तो शेजारच्या गावाला काम देणार होता. गावात तशी जागा एकच. यात्रा कमिटीचा हॉल. गलाईवाल्यांच्या पैशातनं बांधलेला, वर्षातले पाच दिवस वापरात, बाकी वर्षभर कबुतरांना.

"तुला काय कमी आहे गं?" मी मुद्दाम विचारलं. "तो पैसे पाठवतोच की."

"पाठवत्यात. कमी न्हाई काय. लागलं तर सांग म्हणत्यात." तिनं शर्टाची घडी घातली. "आक्का, ते सांगायचंच मला नको झालंय. चाळीस वर्साची झाले. पायात चप्पल घ्यायची तरी फोन करायचा."

हे ऐकल्यावर मी तिला म्हटलं, तू हॉल माग. मी आहे. मला वाटलं होतं, आपल्याला चार शब्द बोलता येतात, आकडे येतात, गावाला पटवू. इथंच माझं चुकलं, पण ते पुढं सांगते.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यात्रेसाठी पट्टी गोळा करतात, म्हणजे वर्गणी. पावतीवर छापलेलं असतं: 'दरडोई पट्टी'. पहिल्यांदा ती पावती बघितली तेव्हा मला मौज वाटली, आपल्या धड्यातला शब्द देवळात भेटला म्हणून. तेव्हा मी नवी नोकरदार सून होते, गावातली पहिली पगारदार बाई. मी माझी पट्टी द्यायला गेले तर सगळे हसले. फार प्रेमानं हसले. "बायकांची पट्टी नसती, वैनी," म्हणाले, "डोई म्हंजी बापयाची." मिसरूड फुटलेला मुलगा ही डोई. सिलिगुडीत बसलेला दीर ही डोई. अंथरुणाला खिळलेले सासरे ही डोई. मी आणि सासूबाई नव्हतो. मला ती सवलत वाटली होती, एवढी मी तेव्हा बावळट होते. कमिटीचा जुना नियम असा, की बैठकीत पट्टी भरलेल्याचाच हात मोजायचा. तो नियम मी तीसेक वर्षांत कधी नीट वाचलाच नव्हता.

यात्रेच्या आधीच्या रविवारी दुपारी देवळापुढं बैठक बसली. पुरुष मंडपात, बायका दीपमाळेच्या सावलीत. बायकांनी बसू नये असं कुणी म्हणत नाही, बसायचं आणि ऐकायचं. जाऊनं अर्ज दिला होता. पावत्या फाडायला गावातले निवृत्त गुरुजी, त्यांनी तो वाचून दाखवला. मग माझा दीर उठला. चार दिवसांपूर्वीच तो आला होता. गलाईवाल्यांच्या वतीनं बोलायला त्यालाच पुढं केलं होतं, म्हणजे बायकोच्या अर्जाला नवऱ्याकडूनच उत्तर. त्यांना हॉलचं भक्तनिवास करायचं होतं, खोल्या पाडून, एसी लावून, पाहुण्यांसाठी.

दीर मनानं चांगला आहे. मला कधी उलटं बोललेला नाही. पण त्या दिवशी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कारण मी अर्जाला माझा आलेख जोडला होता.

"वैनी, तुमचा त्यो देश ठेवा बाजूला," तो म्हणाला. "मी रोज बघतोय ती माणसं. आमच्या बायका कापडं शिवून खायला लागल्या, आसं लोकांनी म्हणायचं व्हय? तुमी दरडोई दरडोई करताय, तर आमी आपल्या गावाचंबी काडलंय." त्यानं खिशातून मोबाइल काढला. गलाईवाल्यांनी बसून खरंच हिशेब केला होता. सगळ्या दुकानांची कमाई, द्राक्षं, ऊस, दूध, बंगल्यांची भाडी, सगळ्याची बेरीज, आणि भागिले गावातल्या डोया. उत्तर वाचून दाखवलं तसा मंडप खूश झाला. त्या देशाच्या कितीतरी पट वर आमचं गाव. आपल्या देशाच्याही वर. "मंग? कुणाकडनं शिकायचं आपुन?"

मी ते उत्तर ऐकलं आणि चौतीस वर्षांची सवय जागी झाली. उत्तर फार मोठं आलं की आधी भाजक बघायचा.

"भाऊजी, डोया किती धरल्या?"

त्यानं आकडा सांगितला. मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी पट्टीच्या वहीकडं बघितलं आणि मान खाली घातली, कारण त्यांच्याही लक्षात आलं होतं. तो पट्टीचाच आकडा होता.

मग मात्र मी उठले. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही भागाकार नीट केलाय, पण गाव अर्धंच धरलंय. बायका, मुली, शाळेतली पोरं, कुणीच नाही यात. खाली अर्धी माणसं गाळली, म्हणून वर दुप्पट-तिप्पट दिसतंय. आणि दुसरं. सिलिगुडीत गाळलेलं सोनं सिलिगुडीच्या बेरजेत जातं, ते इथं कसं धरलं? जिथं काम होतं तिथंच ते मोजतात. इथं वर्षभर काम कोण करतं? तुमचे जनावरांचे गोठे कोण बघतं, द्राक्षाच्या विरळणीला कोण जातं, तुमच्या आई-बापांची उठबस कोण करतं? ते तुमच्या बेरजेत नाही. त्या देशानं भागताना बायका धरल्या आणि बेरजेतही त्यांच्या हातचं काम आणलं. तुम्ही त्यांना वरही धरलं नाही आणि खालीही धरलं नाही. आणि म्हणताय आम्ही पुढं."

मला वाटलं, आता सभा हलणार. किती छान बोलले मी. आणि मंडपातून एक आवाज आला, "तास सुटला, बाई."

सगळे हसले. माझा नवरासुद्धा, नंतर त्यानं कबूल केलं. मला वर्गात कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथं कुणाला उभं करणार? अध्यक्ष सावकाश म्हणाले, की बाईंचं म्हणणं खरं असेल, पण हॉलचा विषय पट्टीवाल्यांचा आहे, त्यांचे हात मोजूया. मी खाली बसले. माझे कान तापले होते. जाऊकडं बघायची हिंमत होईना, कारण तिचा हॉल माझ्या भाषणात बुडाला होता. व्यापाऱ्याला सांगायला दोन दिवस उरले होते.

तेवढ्यात जाऊ उठली. दीपमाळेपासून मंडपापर्यंत वीस पावलंही नसतील, तेवढी ती सगळ्यांच्या देखत चालली. ती गुरुजींच्या टेबलापाशी गेली, कमरेचा बटवा काढला आणि पट्टीची रक्कम मोजून टेबलावर ठेवली. झंपर शिवून आलेले पैसे, दहा-दहाच्या नोटा.

"पट्टी घ्या, गुरुजी."

गुरुजी गोंधळले. "तुमच्या घरची आलीया की."

"त्येंची आलीया. ही माजी."

मंडपात पुन्हा हसू फुटलं, आता माझ्यावेळेपेक्षा बारीक. दीर म्हणाला, "घ्या वो गुरुजी, देवाचंच काम हाय." त्याला वाटलं बायकोची हौस. कमिटीनं आजवर आलेली पट्टी कधी परत केलेली नाही, तसा विचारही कुणाच्या डोक्यात आला नाही. गुरुजींनी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सारखा केला आणि सवयीनं दिराचं नाव लिहायला लागले.

जाऊनं पावतीवर बोट ठेवलं. "डोई कुणाची हाय?"

गुरुजी थांबले. त्यांनी ती पावती फाडली, रद्द असं लिहिलं, आणि दुसऱ्या पावतीवर तिचं नाव घातलं. गुरुजी पूर्वी तिच्या माहेरच्या गावी नोकरीला होते, तिथं ती त्यांचीच विद्यार्थिनी होती म्हणे. सातवीनंतर बापानं काढली तेव्हा गुरुजी घरी सांगायला गेले होते. त्यांचं अक्षर सुरेख आहे, आणि ते नाव त्यांनी फार सावकाश लिहिलं.

दुसरी पट्टी चाचींनी भरली. मुलाणी आळीतले पुरुष पूर्वीपासून पट्टी देतात, बाई पहिल्यांदाच. मग दीपमाळेखालच्या बायकांची कुजबुज झाली. कुणी बटवे काढले, कुणी घराकडं पळाल्या, कुणी पोराला पिटाळलं. माझी पट्टी चौथी का पाचवी होती. मी पुढं व्हायला हवं होतं, पण मी भाषणाच्या दुःखात बसले होते. चाळीसेक पावत्या फाटल्या. अध्यक्ष मधे दोनदा म्हणाले की पुरे आता, उद्या बघू. गुरुजींनी मान वर न करता सांगितलं, की पट्टी यात्रेच्या आत कधीही घेता येते, नियम आहे.

मग जाऊ म्हणाली, "आता हात मोजा."

तेव्हा कुठं मंडपाच्या लक्षात आलं. मी गावातले पुष्कळ चेहरे बघितलेत, पण आपल्याच हातानं घेतलेली पट्टी बघणारे ते चेहरे मी विसरणार नाही. दीर उठून म्हणाला, की हे बरोबर नाही. पण काय बरोबर नाही, ते त्याला सांगता येईना. पैसे घ्या म्हणून त्यानंच सांगितलं होतं.

हात वर झाले. चाळीस बायका, आणि गावातच राहणारे काही पुरुष, ज्यांना भक्तनिवासाशी देणंघेणं नव्हतं आणि बायकोला काम मिळालं तर हवं होतं. माझ्या नवऱ्याचा हात सगळ्यात आधी वर होता, त्याला मघाचं हसू भरून काढायचं होतं. सात हात जास्त भरले. यात्रेचे पाच दिवस सोडून वर्षभर हॉल शिवणाला द्यायचा, असं अध्यक्षांनी वहीत लिहिलं. किल्ली देताना ते जाऊला म्हणाले, "कबुतरांचं तेवढं तुमीच बगा."

यात्रेचे पाचही दिवस दीर देवळातच जेवला, घरी फक्त झोपायला आला. यात्रा संपल्यावर सिलिगुडीला जायला निघाला, तेव्हा जाऊनं त्याच्या बॅगेत एक नवा शर्ट घातला. तिनं शिवलेला. त्यानं तो काढून ठेवला नाही, एवढं मी बघितलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. व्यापारी पैसे उशिरा देतो. आठातलं एक मशीन सारखं बिघडतं, ते माझा नवरा दुरुस्त करतो आणि एसटीचे किस्से सांगून बायकांचा वेळ खातो. पहिल्याच महिन्यात हॉलच्या मागच्या दाराला कापडाचे गठ्ठे लावून ठेवलेले दिसले, तेव्हा मी असा आरडाओरडा केला की बायका घाबरल्या. त्या पिवळ्या रेघेची दुसरी बाजूही मी वर्गात शिकवली होती. तिथं कुलूप लावलेल्या दारांमागं बायका जळून मेल्यात. त्यांचंही काम त्या वर जाणाऱ्या रेघेत धरलंय. तेव्हापासून आमच्या हॉलचं मागचं दार सकाळी पहिलं उघडतात, मगच मशीन चालू होतं. कुणी म्हणालं, बाई उगाच भीती घालतात, तर म्हणू दे. दार उघडंच राहील.

कपाटातल्या रेघा अजून चालू आहेत. दोन्ही एकमेकींना खेटून चालल्यात, कधी ही वर, कधी ती. मला आता कोण वर आहे याचं तेवढं राहिलं नाही. कुणी त्या रेघांवरून छाती फुगवून बोलायला लागलं, की मी पहिला प्रश्न विचारते: भागताना कोण कोण धरलं? लोकांना तो प्रश्न आवडत नाही. मी विचारायची थांबणार नाही.

या वर्षी पट्टीची वही जाड झाली. डोया जवळजवळ दुप्पट. दिराचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी हॉलच्या पायरीवर चहा पीत होतो. जाऊचे हात कापडाच्या धाग्यांनी भरलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर लावला.

"वैनी," तो हसत म्हणाला, "आमी पुन्ना हिशेब केला. औंदा गावाचं दरडोई निम्म्यावर आलं की वो. गरीब केलंत आमाला."

"येणारच, भाऊजी," मी म्हटलं. "आता कुठं नीट भागलंय."

"बरं, माजी पट्टी पाठवायची ऱ्हायलीया. उद्या टाकतो."

जाऊनं कप खाली ठेवला आणि फोनकडं वाकली.

"पाठवू नगासा," ती म्हणाली. "औंदा तुमची डोई मी भरलीया."

मग त्यानं विचारलं, पावती कुणाच्या नावानं फाडली.